सरकारचा शब्द सांगणारी बाई



२०२५ च्या मे महिन्यातील ते चार दिवस तुमच्या लक्षात असतीलच. ७ मेच्या सकाळी घराघरांत टीव्ही सुरू होता. रात्रपाळी करून आलेली माणसे झोप सोडून पडद्यासमोर बसली होती. पडद्यावर परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री होते. त्यांच्यासोबत लष्कराच्या कर्नल सोफिया कुरेशी आणि हवाई दलाच्या विंग कमांडर व्योमिका सिंग होत्या. रात्री काय घडले ते या तिघांनी मोजक्या शब्दांत देशाला सांगितले. आमच्या शेजारची एक मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने तेव्हा एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, “काका, हे साहेब स्वतःच्या मनाचं बोलतात, की कुणी लिहून दिलेलं वाचून दाखवतात?”

तीन दिवसांनी, १० मेच्या संध्याकाळी, तेच मिस्री पुन्हा पडद्यावर आले. दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांचे फोनवर बोलणे झाले आहे आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून गोळीबार व लष्करी कारवाई थांबवायचे ठरले आहे, एवढेच त्यांनी सांगितले आणि ते उठले. काही तासांतच मोबाईलवर त्यांच्या नावाने शिव्यांचा पाऊस सुरू झाला. त्यांच्या मुलीची खाजगी माहितीसुद्धा चव्हाट्यावर आणली गेली. आमच्याच आळीतला एक शिकलासवरला पोरगा तो मजकूर पुढे ढकलत होता. मी त्याला विचारले, “अरे, लढाई थांबवायचं या माणसानं ठरवलं का?” तो म्हणाला, “सांगितलं तर त्यानंच ना!”

मुलीचा प्रश्न आणि मुलाचे उत्तर, दोन्ही मनातून जाईनात. दुसऱ्या दिवशी मिस्रींच्या बाजूने उघडपणे बोलणाऱ्यांत एक नाव दिसले, निरुपमा मेनन राव. या निवृत्त परराष्ट्र सचिव. त्यांनी हा प्रकार लाजिरवाणा असल्याचे स्पष्ट शब्दांत म्हटले. त्यांना हे बोलण्याचा अधिकारही मोठा आहे. सरकारचा शब्द जगाला सांगण्याचे हेच काम त्यांनी २००१ साली केले होते, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्तेपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांची कारकीर्द नीट पाहिली, तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि त्या मुलाच्या उत्तरातील चूकही कळते. म्हणून आजचा लेख त्यांच्यावर.

मराठवाडा विद्यापीठाची विद्यार्थिनी

निरुपमाबाईंचा जन्म ६ डिसेंबर १९५० रोजी केरळातील मलप्पुरम येथे झाला. सहा वर्षांनंतर ही तारीख आपल्या सर्वांच्या काळजात कायमची कोरली गेली, असो. वडील सैन्यात अधिकारी. फौजेतील नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. त्यामुळे मुलीचे शिक्षण निरनिराळ्या शहरांत झाले. १९७० साली त्यांनी बंगलोरच्या माउंट कार्मेल कॉलेजातून इंग्रजी विषय घेऊन बी.ए. केले. त्यानंतर इंग्रजी साहित्यात एम.ए. केले, ते मराठवाडा विद्यापीठातून.

होय, तेच विद्यापीठ. १९५८ साली स्थापन झालेले. त्या शिकल्या तेव्हा त्याचे नाव नुसतेच मराठवाडा विद्यापीठ होते. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले. त्या नावासाठी आपल्या माणसांनी काय काय सोसले, ते येथे नव्याने सांगायला नको. सांगायचा मुद्दा वेगळा आहे. “दिल्लीत शिकल्याशिवाय दिल्लीत कोणी विचारत नाही,” असे आपल्याकडे नेहमी ऐकू येते. त्या काळच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठाची पदवी घेतलेली ही मुलगी १९७३ साली केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत साऱ्या देशात पहिली आली.

आता खरे तेच बोलावे. त्या सैन्यातील अधिकाऱ्याच्या कन्या. घरात पुस्तके होती, इंग्रजी होते. आपल्या मुलांची वाट इतकी सरळ नसते. पत्र्याच्या खोलीत सात माणसांत बसून अभ्यास करणाऱ्या पोरीला त्यांचे उदाहरण देऊन “बघ, जमतं की नाही!” असे म्हणणे हा त्या पोरीवर अन्याय होईल. पण त्यांच्यापुढेही एक भिंत होती, आणि ती सरकारनेच नियम करून बांधलेली होती.

त्या काळी परराष्ट्र सेवेच्या नियमांत असे कलम होते की, सेवेतील स्त्री अधिकाऱ्याने लग्न करण्यापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी. लग्नानंतर घरसंसारामुळे तिच्या कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. पुरुष अधिकाऱ्याला असा नियम नव्हता. जणू संसार एकट्या बाईचाच असतो! याविरुद्ध सी. बी. मुथम्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. या मुथम्मा म्हणजे १९४९ साली परराष्ट्र सेवेत आलेली पहिली स्त्री. बढती देताना स्त्री म्हणून आपल्याला डावलले जाते, अशी त्यांची तक्रार होती. १९७९ साली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल देताना या नियमांवर कडक ताशेरे ओढले. समानतेचे कलम संविधानात असताना असे नियम इतकी वर्षे टिकलेच कसे, असा त्यांचा रोख होता. असे नियम काढून टाकत असल्याचे सरकारला न्यायालयात सांगावे लागले.

निरुपमाबाई सेवेत आल्या तेव्हा लग्नाच्या परवानगीचा तो नियम कागदावर जिवंत होता. त्यांचे पती सुधाकर राव भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी. पुढे ते कर्नाटकचे मुख्य सचिव झाले. दोघांनीही आपापली नोकरी शेवटपर्यंत केली. मुथम्मांनी लढून वाट मोकळी केली आणि मागून येणाऱ्या त्या वाटेने चालल्या. हक्क असाच मिळतो. कोणीतरी आधी अंगावर घेते, तेव्हा पुढच्याला रस्ता सापडतो.

आधी सत्तावीस वर्षांचे काम

प्रवक्त्याच्या खुर्चीत कोणी आज भरती होऊन उद्या बसत नाही. निरुपमाबाई त्या खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांच्या नोकरीला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे झाली होती. या वर्षांत त्यांनी काय केले, ते थोडक्यात पाहू.

पहिली परदेशातील नेमणूक ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे, तृतीय सचिव म्हणून. आपल्या दूतावासातील ही खालची पायरी. नंतर १९८१ ते १९८३ श्रीलंकेत कोलंबो येथे प्रथम सचिव. १९८३ च्या जुलैमध्ये तेथे तामिळ लोकांविरुद्ध भयंकर दंगली उसळल्या. माणसे मारली गेली, घरे आणि दुकाने जळाली. एका देशातील बहुसंख्य आणि अल्पसंख्य यांच्यातील वैर पेटले की काय होते, ते त्यांनी तरुणपणी जवळून पाहिले.

मग दिल्लीत पूर्व आशियाच्या विभागात काम. येथे त्यांनी चीन हा विषय धरला आणि तो पुढे कधी सोडला नाही. १९८८ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधान राजीव गांधी बीजिंगला गेले. १९५४ साली पंडित नेहरू गेले होते, त्यानंतर चौतीस वर्षांनी भारताचा पंतप्रधान चीनला जात होता. त्या शिष्टमंडळात निरुपमाबाई होत्या. पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक वर्ष अभ्यास, वॉशिंग्टनच्या दूतावासात वृत्तपत्रांशी संबंधित काम, दक्षिण अमेरिकेतील पेरू येथे राजदूत आणि त्यानंतर मॉस्कोच्या दूतावासात उपप्रमुख.

तुम्ही म्हणाल, ही तर नुसती बदल्यांची यादी झाली. पण कार्यालयात काम केलेल्या माणसाला तिचा अर्थ लगेच कळतो. ज्याने वीस वर्षे फाईली वाचल्या, स्वतःच्या हाताने टिपणी लिहिली, मसुदा वरून खोडून आला तर तो पुन्हा लिहिला, त्यालाच कोणता शब्द कोठे अडचणीत आणील हे समजते. खालच्या टेबलावरचे काम न करता वरच्या टेबलावर बसलेला साहेब आम्ही कारकून मंडळी चार दिवसांत ओळखतो!

प्रवक्ता म्हणजे नेमका कोण?

परराष्ट्र मंत्रालयात बाहेरच्या जगाशी आणि पत्रकारांशी बोलण्यासाठी एक स्वतंत्र विभाग असतो. त्याचा प्रमुख, म्हणजे साधारणपणे सहसचिव दर्जाचा अधिकारी, तोच मंत्रालयाचा अधिकृत प्रवक्ता. सकाळी देशोदेशीची वृत्तपत्रे चाळायची. आपल्या दूतावासांकडून आलेले अहवाल पाहायचे. आज पत्रकार काय विचारतील याचा अंदाज घ्यायचा. ज्या देशाबद्दल प्रश्न येणार, त्या देशाचे काम पाहणाऱ्या विभागाकडून माहिती घ्यायची आणि उत्तराचे शब्द वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यायचे. एवढे सगळे झाल्यावर पत्रकारांसमोर उभे राहायचे.

या कामात शब्दांची एक शिडीच असते. “आम्ही ते वृत्त पाहिले आहे,” ही सगळ्यांत खालची पायरी. म्हणजे सध्या आम्हाला काही बोलायचे नाही. “आम्ही नोंद घेतली आहे,” ही त्याच्या वरची. मग “चिंता वाटते,” त्यावर “गंभीर चिंता वाटते”. पुढे “खेद”, आणि अगदी वर “तीव्र निषेध”. आपल्याला ऐकताना हे सारे सारखेच वाटते. पण दुसऱ्या देशाच्या राजधानीत बसलेला माणूस हा शब्द कालच्यापेक्षा वरच्या पायरीवरचा की खालच्या, एवढेच पाहतो. पायरी चुकली तर दोन देशांत नसता गैरसमज होतो.

याला परराष्ट्र मंत्रालयातच जायला हवे असे नाही. पोराने शाळेसाठी नवे दप्तर मागितले, तेव्हा बाप “पगार झाला की बघू,” म्हणतो, की “पगार झाला की आणतो,” म्हणतो? पोराला या दोन वाक्यांतला फरक बरोबर कळतो. “बघू” ऐकून त्याचे तोंड उतरते आणि “आणतो” ऐकून तो सगळ्या चाळीला सांगत सुटतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला की घरात महिनाभर रुसवा. येथे तर दोन देशांची सैन्ये समोरासमोर उभी असतात.

आग्र्याची ती रात्र

निरुपमाबाईंच्या प्रवक्तेपदातील सर्वांत कसोटीचा प्रसंग २००१ च्या जुलैमध्ये आग्रा येथे आला. दोन वर्षांपूर्वीच कारगिलची लढाई झाली होती. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल परवेझ मुशर्रफ यांना बोलणी करण्यासाठी बोलावले होते. १४ जुलैला ते दिल्लीत आले. १५ आणि १६ जुलैला आग्र्यात चर्चा झाली. देशोदेशीचे पत्रकार तेथे तळ ठोकून होते, आणि चोवीस तास बातम्या दाखविणाऱ्या वाहिन्यांना दर तासाला काहीतरी नवे हवे होते.

शब्दांवरून किती बिनसते, ते त्या दोन दिवसांत दिसले. १५ तारखेला माहिती व प्रसारण मंत्री सुषमा स्वराज यांनी चर्चेत कोणकोणते विषय निघाले ते पत्रकारांना सांगितले. त्या यादीत काश्मीरचे नाव आले नाही. पाकिस्तानच्या बाजूला याचा राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुशर्रफ यांनी भारतीय संपादकांबरोबर न्याहारी केली. त्या वेळचे त्यांचे काश्मीरविषयीचे रोखठोक बोलणे टीव्हीवर दाखविले गेले. याचा भारताच्या बाजूला राग आला. आत बंद खोलीत दोन्हीकडचे लोक संयुक्त निवेदनाचा मसुदा करीत होते आणि खोडीत होते. रात्र झाली तरी मसुदा ठरेना. शेवटी मुशर्रफ अजमेरला जाण्याचा बेत रद्द करून रात्रीच इस्लामाबादला निघून गेले.

आता जगाला हे सांगणार कोण? रात्री उशिरा निरुपमाबाई पत्रकारांसमोर आल्या. त्यांच्या निवेदनाचा आशय असा होता: एका प्रक्रियेला सुरुवात झाली आहे, प्रवासाला आरंभ झाला आहे; पण संयुक्त निवेदनाच्या मुक्कामापर्यंत आपल्याला पोहोचता आले नाही, हे सांगताना निराशा वाटते.

या दोन-चार वाक्यांकडे आता नीट पाहा. बोलणी फसली, असे त्यांनी म्हटले नाही. दोष कोणाचा, हे सांगितले नाही. खोटे कौतुकही केले नाही, कारण निवेदन झाले नाही हे सगळ्यांना दिसतच होते. जे घडले तेवढे सांगितले आणि उद्या पुन्हा बोलायची वेळ आली तर दार उघडे राहील अशी काळजी घेतली. चर्चा मोडण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. आत कोण काय म्हणाले हे जाहीर करण्याचाही अधिकार त्यांना नव्हता. सविस्तर काय ते परराष्ट्र मंत्री जसवंत सिंह यांनी दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन सांगितले. पण त्या मध्यरात्री, सगळे चिडलेले आणि थकलेले असताना, देशाचा तोल सांभाळण्याचे काम त्या एका अधिकाऱ्याच्या वाट्याला आले होते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. त्या वेळी परराष्ट्र सचिवपदीही एक स्त्रीच होती. चोकिला अय्यर, १९६४ च्या तुकडीच्या अधिकारी, त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. ज्या सेवेत बाईला लग्नासाठी लेखी परवानगी मागावी लागत होती, त्याच सेवेत २००१ साली सर्वांत वरची अधिकारी बाई आणि सरकारचा शब्द सांगणारीही बाई!

त्याच वर्षी १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला. आवारात कर्तव्यावर असलेली माणसे जिवाला मुकली. आठवडाभराने, २१ डिसेंबरला, भारताने पाकिस्तानातील आपला उच्चायुक्त परत बोलावल्याचे आणि १ जानेवारीपासून समझोता एक्स्प्रेस व दिल्ली-लाहोर बस बंद करीत असल्याचे जाहीर केले. प्रवक्त्या निरुपमाबाईच होत्या. सीमेवर दोन्हीकडे सैन्य जमा झाले आणि अनेक महिने ते तसेच उभे राहिले. या काळात उत्तर देताना एक शब्द जास्त गेला असता तर काय झाले असते, याचा विचार आपण करावा.

पुढची वाट

२००४ साली त्या श्रीलंकेत भारताच्या उच्चायुक्त झाल्या, तेथेही पहिल्या स्त्री. त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामी आली. आपल्या किनाऱ्यावर संकट असतानाही भारताने श्रीलंकेला तातडीने मदत पाठविली. २००६ ते २००९ त्या चीनमध्ये राजदूत होत्या. त्या पदावरही पहिल्या स्त्री.

बीजिंगच्या या पदाशी आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक आठवण जोडलेली आहे. सुमारे पंधरा वर्षे चीनमध्ये भारताचा राजदूत नव्हता. १९७६ साली पुन्हा राजदूत पाठवायचे ठरले, तेव्हा निवड झाली के. आर. नारायणन यांची. केरळातील उझवूर गावच्या गरीब दलित कुटुंबातील हा मुलगा. मैलोगणती चालत शाळेत गेला, फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभे राहून शिकला. पुढे टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला. १९४९ साली परराष्ट्र सेवेत आला आणि १९९७ साली भारताचा राष्ट्रपती झाला. नारायणन यांच्यानंतर तीस वर्षांनी त्याच पदावर निरुपमाबाई गेल्या. एक झोपडीतून आलेला, एक फौजी अधिकाऱ्याच्या घरातून आलेली. अभ्यासाने दोघांना एकाच टेबलापाशी आणले.

राजदूताचे काम म्हणजे मेजवान्या, असे आपल्याला वाटते. २००८ च्या मार्चमध्ये दिल्लीतील चिनी दूतावासात तिबेटी निदर्शक भिंतीवरून शिरले. तेव्हा बीजिंगमध्ये रात्री दोन वाजता निरुपमाबाईंना चिनी परराष्ट्र मंत्रालयात बोलावून घेण्यात आले. दिल्लीत भिंतीवरून उडी दुसऱ्यांनी मारली होती आणि मध्यरात्री जाब ऐकायचा यांनी. निरोप सांगणाऱ्यालाच निरोप ऐकावाही लागतो.

१ ऑगस्ट २००९ रोजी त्या परराष्ट्र सचिव झाल्या. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर पाकिस्तानशी थांबलेली बोलणी २०१० च्या फेब्रुवारीत दिल्लीत पुन्हा सुरू झाली, ती त्यांच्याच काळात. २०११ च्या फेब्रुवारीत लिबियात यादवी सुरू झाली. तेथे अठरा हजारांच्या आसपास भारतीय होते. बांधकामावरचे कामगार होते, कंपन्यांतील तंत्रज्ञ होते, रुग्णालयांतील परिचारिका होत्या. विमाने आणि जहाजे पाठवून पंधरा हजारांहून अधिक लोकांना परत आणले गेले. त्या दिवसांत निरुपमाबाई ट्विटरवर अडकलेल्या लोकांच्या नातेवाइकांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे देत होत्या. आखाती देशांत आपला भाऊ किंवा मुलगा कामाला असेल, त्यालाच कळेल की अशा वेळी सरकारच्या माणसाकडून आलेले एक ओळीचे उत्तर काय मोलाचे असते.

२०११ ते २०१३ अमेरिकेत राजदूत राहून त्या निवृत्त झाल्या. पुढे भारत, तिबेट आणि चीन यांच्या १९४९ ते १९६२ या काळातील संबंधांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. पतीबरोबर त्यांनी दक्षिण आशियातील देशांच्या वादकांना एकत्र आणणारी एक संस्था काढली. त्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम २०१९ साली आपल्या मुंबईतच झाला.

दोन प्रश्नांचे उत्तर

आता आमच्या शेजारच्या त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. साहेब मनाचे बोलतात की लिहिलेले वाचतात? बाळे, शब्द सरकारचाच असतो. पण तो शब्द लोकांनी खरा मानावा, ही पत मात्र सांगणाऱ्याची असते. प्रवक्ता सगळे सांगत नाही. तसे सांगण्याचा त्याला अधिकारच नसतो. पण जे सांगतो ते खोटे निघाले, तर उद्या त्याचे खरे बोलणेही कोणी मानणार नाही. म्हणून त्याला कमी बोलून खरे बोलावे लागते. आणि ही पत एका दिवसात मिळत नाही, त्यामागे सत्तावीस वर्षांचा अभ्यास असावा लागतो.

आळीतल्या त्या पोराला सांगायचे ते असे. तुझ्या हातात नोटीस देणाऱ्या शिपायाने तुझी नोटीस काढलेली नसते. त्याच्यावर हात उचलून नोटीस रद्द होत नाही, उलट नोटीस काढणारा नामानिराळा राहतो. सरकारचा निर्णय पटला नाही तर जरूर विरोध कर, पण ज्याने निर्णय घेतला त्याला विचार. १९५१ साली बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्या वेळच्या निवेदनात हिंदू कोड बिलाबरोबरच सरकारचे परराष्ट्र धोरणही पटत नसल्याचे कारण त्यांनी मांडले. स्वतःच्या नावाने, मुद्देसूद, आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना उद्देशून. टीका अशी करायची असते. कोणाच्या लेकीचा फोन नंबर चव्हाट्यावर आणणे ही टीका नव्हे, तो भेकडपणा आहे. तुझ्या बहिणीने उद्या अशी नोकरी धरली आणि तिने वाचलेल्या कागदासाठी तुझ्या आईला कोणी शिव्या दिल्या, तर तुला चालेल का?

ही नोकरी आपल्या मुलींना मिळणार नाही असे समजू नका. परराष्ट्र सेवेसाठी वेगळी परीक्षा नसते. कलेक्टर आणि पोलीस अधिकारी ज्या नागरी सेवा परीक्षेतून निवडले जातात, तीच परीक्षा. कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षेत निबंध आणि सामान्य अध्ययनाचे पेपर मराठीत लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीत देता येते. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना वयाच्या ३७ वर्षांपर्यंत संधी असते. निवड झाल्यावर एक परकी भाषा सरकारच शिकवते. या सेवेत साऱ्या देशात मिळून अधिकारी हजाराच्या आसपासच. म्हणजे जागा थोड्या आणि चुरस मोठी, हे खरे आहे. पण दार बंद नाही.

आणि परीक्षेला बसायचे नसेल, तरी एक अभ्यास घरबसल्या करता येतो. परराष्ट्र मंत्रालयाचे निवेदन वर्तमानपत्रात आले की ते कापून वहीत चिकटवा. त्यातील “नोंद घेतली”, “चिंता”, “खेद”, “निषेध” या शब्दांखाली रेघ ओढा. महिनाभराने त्याच विषयावर दुसरे निवेदन येईल. शब्द वरच्या पायरीवर गेला की खाली उतरला, ते पाहा. काय सांगितले याबरोबर काय सांगायचे टाळले, तेही पाहा. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यावर घरात बोला.

आमच्या शेजारच्या मुलीने अशी वही सुरू केली आहे. आळीतल्या त्या पोरालाही तिने परवा ती दाखविली. तो बराच वेळ वाचीत बसला होता. बोलला काहीच नाही, पण मोबाईल मात्र खिशातच राहिला.